सर्पगंधेच्या मुळीने बीपी उतरतो, हे जगाला आकड्यांत दाखवून देणारा मुंबईचा डॉक्टर

गडचिरोली जिल्ह्यातला मुलचेरा तालुका. सॅटेलाइट मॅपवर शोधायला गेलात, तर आधी डोळ्यात भरतं ते जंगल. साग, बांबू, मोह, तेंदू. मधेच माडिया-गोंडांची गावं, मधेच बंगाली निर्वासितांच्या वसाहती. १९८२ पर्यंत हा सगळा मुलूख चंद्रपूर जिल्ह्यातच होता.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात, मोठ्या झाडांच्या सावलीला एक लहानसं झुडूप उगवतं. फार तर गुडघ्याएवढं, कधी थोडं जास्त. पांढरट-गुलाबी फुलांचे झुबके, पिकल्यावर काळी पडणारी बारीक फळं आणि जमिनीखाली नागमोडी, कडूजहर मुळी.

नाव सर्पगंधा.

साप चावला, ताप आला, झोप उडाली, डोकं भडकलं की ही मुळी द्यायची, हे देशभरातल्या वैदूंना पिढ्यानपिढ्या माहीत होतं. बिहारकडे तर तिला थेट वेडावरचं औषध म्हणूनच ओळखायचे.

पण १९४९ साली मुंबईच्या एका डॉक्टरने या मुळीवर इंग्लंडच्या नियतकालिकात पेपर छापला आणि बोस्टनपासून बाझलपर्यंतच्या प्रयोगशाळा तिच्या मागे लागल्या. त्या डॉक्टरचं नाव रुस्तम जाल वकील.

आज भारतातल्या आधुनिक हृदयरोगशास्त्राचे जनक म्हणून अनेक जण त्यांचं नाव घेतात. पण डॉक्टरकीच्या बाहेर हे नाव फारसं कुणाला ठाऊक नाही.

आधी हृदयाचा ब्रेक समजून घेऊ

डॉ. वकिलांनी नक्की काय केलं ते कळायला एक छोटी गोष्ट माहीत हवी.

आपलं हृदय स्वतःच्या तालावर चालतं. मेंदूकडून येणाऱ्या सगळ्या नसा बाजूला काढल्या, तरी ते मिनिटाला साधारण १०० ठोके देत राहील. मग शांत बसलेल्या माणसाची नाडी ७०-७२ च्या आसपास कशी असते?

कारण हृदयाला एक ब्रेक आहे. त्याचं नाव व्हेगस नस.

मेंदूतून निघणाऱ्या नसांच्या बारा जोड्यांपैकी ही दहावी. मानेतून खाली उतरते, हृदय, फुप्फुसं, जठर, आतडी अशी भटकंती करते. लॅटिनमध्ये व्हेगस म्हणजे भटक्या. ही नस हृदयाला सतत हळू चाल, हळू चाल असं सांगत असते.

दुसऱ्या बाजूला अ‍ॅक्सिलरेटर आहे. त्याला सिम्पथेटिक नसा म्हणतात. वाघ दिसला, बॉसचा फोन आला, भांडण झालं की या नसा नॉरअ‍ॅड्रेनलिन नावाचं रसायन सोडतात. ठोके वाढतात, रक्तवाहिन्या आवळतात, बीपी चढतो.

नस हृदयाशी रसायनातून बोलते, हे १९२१ साली ऑटो लोवी या शास्त्रज्ञाने बेडकाच्या हृदयावर दाखवलं. एका हृदयाची व्हेगस नस डिवचली, त्याचे ठोके मंदावले. मग त्या हृदयातलं पाणी दुसऱ्या हृदयावर सोडलं, तर तेही मंदावलं. म्हणजे पाण्यात काहीतरी उतरलं होतं. या कामासाठी लोवींना १९३६ साली नोबेल मिळालं.

पण ज्या पेशंटचा अ‍ॅक्सिलरेटर कायमचा दाबलेला आहे, त्याचं करायचं काय? याचं उत्तर तेव्हा कुणाकडेच नव्हतं.

अमेरिकेच्या अध्यक्षांनाही गोळी मिळाली नाही

१२ एप्रिल १९४५. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट मेंदूत रक्तस्राव होऊन गेले. शेवटच्या क्षणी त्यांचा बीपी ३०० च्या वर मोजला गेला होता. आज १४०/९० च्या वर गेला की डॉक्टर काळजी करायला लागतात, यावरून अंदाज घ्या.

जगातला सगळ्यात ताकदवान माणूस, हाताशी देशातले उत्तम डॉक्टर. तरी बीपी खाली आणणारी भरवशाची, रोज घेता येईल अशी गोळी त्यांच्यासाठी नव्हती.

उपाय होते, पण एकापेक्षा एक अवघड. मीठ बंद. नुसता भात आणि फळं खाऊन राहायचं. फारच वाढला तर ऑपरेशन करून सिम्पथेटिक नसाच कापायच्या. कित्येक डॉक्टरांचं तर असंही मत होतं की वाढलेला बीपी ही शरीराची गरज आहे, त्याला हातच लावू नये.

नेमक्या याच काळात मुंबईत परळच्या केईएम हॉस्पिटलमध्ये एक तरुण डॉक्टर बीपीच्या पेशंटना मुळीच्या गोळ्या देऊन रीडिंग लिहून ठेवत होता.

लंडनची डिग्री आणि परळचं केईएम

रुस्तम जाल वकील यांचा जन्म १९११ सालचा, मुंबईतल्या पारशी घरातला. मेडिकलचं शिक्षण त्यांनी लंडनमध्ये घेतलं. तिथेच राहून प्रॅक्टिस करणं त्यांना अवघड नव्हतं. पण ते मुंबईत परतले आणि केईएमशी जोडले गेले.

केईएमचीही एक खासियत होती. १९२६ साली सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज आणि केईएम सुरू झालं, तेव्हा इथे भारतीय डॉक्टरच नेमायचे अशी अट होती. सरकारी हॉस्पिटलांत वरच्या जागा गोऱ्या डॉक्टरांसाठी राखून ठेवलेल्या असायच्या, त्या काळातली ही गोष्ट.

वर गिरणगावातलं हॉस्पिटल. गिरणीकामगार, हमाल, फेरीवाले, कोकणातून आणि घाटावरून आलेली माणसं रांगेत. परदेशी औषधं महाग आणि उपयोगाची कमी. सर्पगंधेची मुळी मात्र याच देशातली आणि स्वस्त.

मुळी नवी नव्हती, मोजमाप नवं होतं

सर्पगंधेने बीपी उतरतो याचा शोध डॉ. वकिलांनी लावला, असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं दिसतं. ते तसं नाही.

१९३१ साली कोलकात्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ही मुळी वेड आणि उच्च रक्तदाब या दोन्हींवर चालते असं लिहिलं होतं. त्याच सुमारास दिल्लीत सलीमुज्जमान सिद्दिकी मुळीतली रसायनं वेगळी काढत होते. त्यातल्या एकाला त्यांनी हकीम अजमल खान यांच्या नावावरून अजमलीन असं नाव दिलं. १९३३ साली कोलकात्याच्याच रामनाथ चोप्रा यांनी मुळीचा अर्क प्राण्यांना देऊन बीपीवर काय परिणाम होतो ते तपासलं. १९३४ पासून तर सर्पगंधेची गोळी बाजारातही मिळू लागली.

म्हणजे मुळी माहीत होती, गोळीही होती. देशातले डॉक्टर ती लिहूनही देत होते. मग जगाने दखल का घेतली नाही?

कारण साधं होतं. अमक्याला गुण आला, तमक्याला बरं वाटलं, यावर बाहेरचे डॉक्टर विश्वास ठेवायला तयार नव्हते. आणि त्यांचं अगदीच चूक होतं असंही नाही. बीपी हा मोठा फसवा आकडा आहे. दवाखान्यात शिरताना वेगळा, दहा मिनिटं बसल्यावर वेगळा, झोप झाली की वेगळा. एकदा मोजून उतरला म्हटलं, तर तो औषधाने उतरला की खुर्चीवर टेकल्याने, हे कळणार कसं?

डॉ. वकिलांनी हेच काम हातात घेतलं. उच्च रक्तदाबाचे ५० पेशंट घेतले. त्यांना चार आठवडे सर्पगंधेच्या मुळीच्या गोळ्या दिल्या. वरचा आकडा, खालचा आकडा, प्रत्येकाची नोंद ठेवली.

चार आठवड्यांनी ८५ टक्के पेशंटचा वरचा आकडा खाली आला होता. ८१ टक्के पेशंटचा खालचाही. शिवाय देशातले डॉक्टर बीपीवर कोणतं औषध पसंत करतात याचीही त्यांनी विचारणा केली. नव्वद टक्क्यांहून जास्त डॉक्टरांचा कौल सर्पगंधेला होता.

१९४९ साली हे सगळं ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापून आलं.

आजच्या कसोटीला लावला तर हा अभ्यास छोटा वाटेल. पण काळ बघा. क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिनची गाजलेली चाचणी इंग्लंडमध्ये आदल्याच वर्षी छापून आली होती. औषधाची अशी काटेकोर परीक्षा घ्यायची पद्धतच नवी होती. आणि हृदयरोगाचे डॉक्टर जे नियतकालिक वाचतात त्यातच, त्यांच्याच भाषेत, आकड्यांसकट डॉ. वकिलांनी ही मुळी मांडली.

मग जगाची झोप उडाली

बोस्टनच्या डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांनी हा पेपर वाचला, गोळ्या मिळवल्या आणि आपल्या पेशंटना देऊन पाहिल्या. निकाल जुळला. शिवाय त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. पेशंटचा बीपी तर उतरतच होता, नाडीही मंद होत होती आणि माणसं शांत होत होती.

१९५२ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या सिबा कंपनीतल्या शास्त्रज्ञांनी मुळीतलं मुख्य रसायन वेगळं काढलं. त्याचं नाव पडलं रेसर्पिन.

त्याच सुमारास अहमदाबादच्या डॉ. हकीम यांनी मानसिक आजारांवर सर्पगंधा वापरल्याची बातमी न्यूयॉर्क टाइम्समध्ये आली. ती वाचून न्यूयॉर्कच्या नेथन क्लाइन यांनी मनोरुग्णालयात प्रयोग सुरू केले. १९५४ साली त्यांचे निष्कर्ष छापून आले. मानसिक आजारावर गोळी देता येते, या विचाराला बळ देणाऱ्या पहिल्या औषधांत रेसर्पिनचं नाव आलं. वेडावरचं औषध म्हणणाऱ्या बिहारच्या वैदूंचं म्हणणं असं वळसा घालून खरं निघालं.

१९५७ साली डॉ. वकिलांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. वैद्यकशास्त्रात नोबेलच्या खालोखाल याचा मान समजला जातो, आणि तो मिळवणारे ते पहिले भारतीय. त्याच वर्षी क्लाइन यांनाही तो मिळाला. १९५८ साली भारत सरकारने डॉ. वकिलांना पद्मभूषण दिलं. पुढे भटनागर पुरस्कारही मिळाला.

मुळी आत जाऊन नेमकं करते काय?

सर्पगंधेचं काम कसं चालतं, हे मात्र पेपर छापल्यानंतर काही वर्षांनी उलगडत गेलं.

आठवा, अ‍ॅक्सिलरेटरच्या नसा नॉरअ‍ॅड्रेनलिन सोडतात. ते रसायन नसेच्या टोकाशी अगदी बारीक पिशव्यांत भरून ठेवलेलं असतं. रेसर्पिन या पिशव्या भरण्याचं कामच बंद पाडतं. हळूहळू साठा संपतो. मेंदूकडून पळ असा निरोप आला, तरी टोकाशी सोडायला काही उरलेलंच नसतं.

अ‍ॅक्सिलरेटर ढिला पडला की काय उरतं? ब्रेक. म्हणजे व्हेगस.

रेसर्पिन व्हेगसला हात लावत नाही. समोरचा जोर कमी झाल्यामुळे व्हेगसचं पारडं आपोआप जड होतं. म्हणून नाडी मंदावते, रक्तवाहिन्या सैल पडतात, बीपी उतरतो.

पण व्हेगस फक्त हृदयात जात नाही, जठरात आणि आतड्यांतही जाते. त्यामुळे तिचं पारडं जड झालं की जठरात आम्ल वाढतं, जुलाब होतात. सिम्पथेटिक नसांचा जोर गेल्यामुळे नाकातल्या रक्तवाहिन्या फुगतात आणि नाक चोंदतं. रेसर्पिन मेंदूतल्याही रसायनांचा साठा कमी करतं, त्यामुळे सुस्ती येते. काही पेशंटमध्ये, विशेषतः जास्त डोस घेणाऱ्यांत, मन उदास झाल्याच्या नोंदीही झाल्या.

याच गुणधर्माचा वापर करून स्वीडनच्या अर्विद कार्लसन यांनी सशांवर प्रयोग केले. रेसर्पिन दिलेले ससे निपचित पडले, एल-डोपा दिल्यावर पुन्हा हालचाल करू लागले. त्यातून मेंदूतल्या डोपामिनचं महत्त्व कळलं आणि पार्किन्सनच्या उपचाराचा रस्ता खुला झाला. कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळालं.

बीपी उतरवला की जीव वाचतो का?

हा प्रश्न आज विचित्र वाटेल. पण १९६० च्या दशकापर्यंत त्याचं पक्कं उत्तर नव्हतं. गोळीने आकडा खाली येतो हे दिसत होतं. त्याने लकवा टळतो का, माणूस जास्त जगतो का, हे कुणी नीट तपासलेलं नव्हतं.

अमेरिकेत एडवर्ड फ्रीस यांच्या पुढाकाराने माजी सैनिकांच्या हॉस्पिटलांत ही चाचणी झाली. बीपीचा खालचा आकडा ११५ ते १२९ असलेले १४३ पुरुष. निम्म्यांना औषध, निम्म्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. औषध म्हणून तीन गोष्टी एकत्र दिल्या होत्या आणि त्यातली एक होती रेसर्पिन.

१९६७ साली निकाल आला. बिनऔषधाच्या गटात लकवा, हृदय निकामी होणं, मृत्यू अशा गंभीर घटना २७. औषधाच्या गटात फक्त २.

बीपीची गोळी रोज घेतली पाहिजे असं आज कुठलाही डॉक्टर ठामपणे सांगतो, त्यामागे ही चाचणी आहे. आणि त्या चाचणीत आपल्या जंगलातली मुळी आहे.

शेवटची वर्षं

डॉ. वकील सर्पगंधेवर थांबले नाहीत. हार्ट अ‍ॅटॅक येण्याआधी कित्येक पेशंटना काही दिवस छातीत इशारा देणारं दुखणं होतं, या दुखण्याचा त्यांनी शेकडो पेशंटवर अभ्यास केला. १९६१ साली सर्क्युलेशन या अमेरिकन नियतकालिकात त्यावरचं त्यांचं काम छापून आलं. हा इशारा ओळखून वेळेत उपचार झाले तर पुढचा अ‍ॅटॅक टाळता येऊ शकतो, हा त्यांचा मुद्दा.

डॉ. अस्पी गोलवाला यांच्यासोबत त्यांनी लिहिलेलं फिजिकल डायग्नोसिस हे पुस्तक मेडिकलच्या कित्येक बॅचच्या हातातून गेलं. हाताने तपासा, कानाने ऐका, मग निदान करा, हे त्यात शिकवलेलं.

पण त्यांच्या आयुष्याच्या शेवटी सर्पगंधेचे दिवस फिरले. सप्टेंबर १९७४ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात एकाच वेळी तीन अभ्यास आले. रेसर्पिन घेणाऱ्या बायकांना स्तनाचा कॅन्सर होण्याचं प्रमाण जास्त दिसतं, असं त्यांत म्हटलं होतं. जगभर घबराट पसरली. पुढच्या अभ्यासांत हा संबंध टिकला नाही. पण एव्हाना नव्या कंपन्यांच्या नव्या गोळ्या बाजारात आल्या होत्या, त्यांचा त्रासही कमी होता. रेसर्पिन मागे पडलं ते पडलंच.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये डॉ. वकील गेले. वय ६३. कॅन्सरचा ठपका खोडून निघालेला पाहायला ते उरले नाहीत.

इकडे जंगलालाही किंमत मोजावी लागली. औषध मुळीत असल्याने ती काढायची म्हणजे अख्खं झुडूपच उपटायचं. जगाची मागणी वाढली तसं जंगलातून सर्पगंधा ओरबाडली गेली. पुढे निर्यातीवर निर्बंध आले, तेव्हा परदेशी कंपन्या आफ्रिकेतल्या तिच्या भावंडाकडे वळल्या. १९९० पासून सर्पगंधा आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या वनस्पतींच्या यादीत आहे.

आणि ज्या जिल्ह्यात मुळी उगवते तिथे?

गडचिरोली म्हटलं की आजार म्हणून मलेरिया आठवतो, सिकलसेल आठवतो, कुपोषण आठवतं. बीपी हा शहरातल्या, खुर्चीवर बसणाऱ्यांचा आजार, असाच समज.

पण याच जिल्ह्यात सर्च या संस्थेच्या संशोधकांनी ८६ गावांत एप्रिल २०११ ते मार्च २०१३ या दोन वर्षांतल्या प्रत्येक मृत्यूची नोंद घेतली. एकूण मृत्यू १,५९९. त्यातले २२९ लकव्याने, म्हणजे साधारण सातातला एक. मृत्यूचं सगळ्यात मोठं कारण तेच निघालं. आणि लकव्याने गेलेल्यांपैकी बहुतेक जण घरीच गेले.

लकव्याचं सगळ्यात मोठं आणि टाळता येण्याजोगं कारण म्हणजे वाढलेला बीपी. तो दुखत नाही, खुपत नाही, ताप आणत नाही. मोजल्याशिवाय कळत नाही.

हे वाचून कुणी जंगलात मुळी शोधायला जाणार असेल, तर थांबा. मुळीच्या प्रत्येक तुकड्यात औषध किती हे सारखं नसतं. नाडी धोकादायक मंद होऊ शकते, मन खचू शकतं, चालू असलेल्या गोळ्यांशी ती भांडू शकते. शिवाय जंगलात तिची झुडपं आधीच कमी झालीत. बीपीच्या आजच्या गोळ्या स्वस्त आहेत, सरकारी आरोग्य केंद्रात फुकटही मिळतात. चालू गोळी मनाने बंदही करू नका.

डॉ. वकिलांनी परळमध्ये केलं ते काम मुलचेऱ्याच्या आरोग्य केंद्रातही रोज करता येतं. दंडाला पट्टा बांधायचा, आकडा लिहायचा, काही दिवसांनी पुन्हा मोजायचा. तिशी ओलांडली असेल आणि गेल्या वर्षभरात बीपी मोजलेला नसेल, तर या आठवड्यात मोजून घ्या. घरातल्या आजीचा आणि बाबांचाही.